वासरांच्या फाटकातली सायकल

सोमवार, ११ मार्च २०१९

मी, एर्मीनियो सिल्वैरा बेतेंकूर, वय वर्षे ऐंशी पूर्ण. जन्म साओ जॉर्ज बेट, अझोर्स, पोर्तुगाल. राहणार चिलेनो खोरे, पेटालुमाच्या पश्चिमेस, कॅलिफोर्निया. धंदा पूर्वी दूध काढणे व दूधवाहिन्यांचे जोडकाम, सध्या निवृत्त. शिक्षण चौथी इयत्ता, परीक्षा विशेष गुणांनी उत्तीर्ण. असे लिहून ठेवतो की आजपासूनची हकीगत मी शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या कोणी म्हणाले की म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर नव्हते, तर ही वही पुढे करावी. ज्या दिवशी काही घडणार नाही त्या दिवशी लिहिणार नाही. न घडलेले लिहिणे हे वर्तमानपत्रांचे काम आहे.

लिहिण्याचे कारण असे. वाहनपरवान्याच्या खात्याने आज तिसऱ्यांदा परीक्षा घेऊन मला नापास केले आणि परवाना काढून घेतला. परीक्षक तिशीचा मुलगा होता. "साहेब, इथं पंचेचाळीसची मर्यादा आहे आणि तुम्ही अठरानं चाललाय. मागं रांग लागलीय बघा." मी म्हणालो, मर्यादा म्हणजे जिच्यापुढे जाऊ नये ती, तिच्या अलीकडे कोठेही राहण्यास कायद्याची हरकत नसावी. जानेवारीतील टपालपेटीचा विषयही त्याने विनाकारण काढला. ती पेटी मुळातच रस्त्यात झुकलेली होती.

संध्याकाळी मुलीचा, झुल्मिराचा, टर्लॉकहून फोन आला. "बाबा, गाडी नाही तर रँचवर राहायचं कसं? टपाल गावात, औषधं गावात, चर्च गावात. इकडे या दोघं. मागची खोली रंगवून ठेवलीय." खोली रंगवून ठेवली आहे, याचा अर्थ मी नापास होणार हे तिने आधीच गृहीत धरले होते.

मी अट घातली. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी, ९ जूनला, मी कोणाच्याही मोटारीत न बसता गावात जाऊन दाखवीन. दाखवले तर टर्लॉकचा विषय कायमचा बंद. न दाखवले तर आम्ही तिच्या रंगवलेल्या खोलीत जाऊ. तिने मान्य केले. माझी पत्नी देओलिंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "गाव तीन मैल आहे. गुडघा तुमचा अंगण ओलांडताना बोंबलतो. उडत जाणार का?"

पेंटेकॉस्टचाच दिवस का, तेही लिहितो. पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट ईस्टरपासून दर आठवड्याला एका घरी मुक्काम करतो. यंदा शेवटच्या आठवड्याची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली आहे, आणि शेवटचा आठवडा सर्वांत मानाचा. त्या घरच्या यजमानानेच पेंटेकॉस्टच्या सकाळी मुकुट चर्चमध्ये न्यायचा असतो. तो मी मुलीच्या मोटारीत मागच्या सीटवर पाहुण्यासारखा बसून नेणार नाही.

गुरुवार, १४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी गुडघा पाहिला. चालणे नको, सायकल चालेल, असे म्हणाल्या. सायकलीने गुडघ्यावर भार येत नाही.

घरी येऊन वासरांच्या गोठ्याकडे गेलो. गोठा रिकामा आहे, पण फाटक जागेवर आहे, आणि त्या फाटकाला टेकू म्हणून लावलेली सायकलची फ्रेमही जागेवर आहे. अ‍ॅल्युमिनियमची, जाड नळ्यांची, रंग न दिलेली. डोंगरावर चालवायच्या सायकली या भागात नुकत्याच निघू लागल्या होत्या त्या काळातली. १९८४ पासून दोन वर्षे आमची जुनी दूधखोली डेल हॅस्केल नावाच्या माणसाने भाड्याने घेतली होती आणि तेथे तो अशा फ्रेमा जोडत असे. केस खांद्यापर्यंत, परंतु हस्तांदोलनापूर्वी हात पुसणारा. तो यकृताच्या दुखण्याने वारला. त्याच्या पत्नीने ट्रक आणून सामान नेले, त्या वेळी मी दूध काढत होतो. ही फ्रेम मागच्या भिंतीवर टांगलेली राहिली. मी तिला इमारतीचा भाग समजलो व फाटकाला लावली.

आज गंज कोठेही नाही. वेल्डिंगचे टाके माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक, सारख्या अंतराने पडलेले. मी आयुष्यभर स्टीलच्या नळ्या जोडल्या; असे टाके मला दोनदा-तीनदा साधले असतील. लगेच फ्रेम सोडवून घेतली. फाटक पडले. ते नंतर पाहू.

बुधवार, २० मार्च

शेजारी लाऊदालीनो याच्या ट्रकमधून फ्रेम गावात नेली. (अट ९ जूनपुरती आहे, हे येथे नमूद करतो.) लाऊदालीनो साठ वर्षांपासून शेजारी आहे आणि मला मिस्त्री म्हणतो. वाटेत म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही फाटकाला सायकल लावली होती, की सायकलला फाटक?"

गावात सायकलदुरुस्तीचे दुकान एकच, आणि ते डेलच्या पत्नीचे, श्रीमती ट्रूडी हॅस्केल यांचे आहे. वय सत्तरीच्या जवळ, बांधा लहान, बोलणे मोकळे. फ्रेम बाकावर ठेवताच त्या बोलायच्या थांबल्या. व्यापारी माणसे वस्तू पाहून गप्प होतात. भाव ठरवण्याची ती जुनी रीत आहे.

"कुठं होती ही?"

"माझ्या वासरांच्या गोठ्यात. फाटकाला टेकू म्हणून."

"टेकू."

"तीस वर्षांच्या वर. एकदाही वाकली नाही. काम उत्तम आहे."

त्यांनी फ्रेम उलटी केली, पायडलाचा दांडा बसतो त्या नळीखाली, जेथे कारागीर आपली खूण ठोकतो तेथे, अंगठा फिरवला आणि आतल्या खोलीत गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेले होते. दुकानात धूळ फार असते.

"विकणार का, मिस्टर बी?"

"माझे नाव एका अक्षराचे नाही. आणि विकायची नाही. मला ही चालवायची आहे."

"तुम्हाला?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "ही तुमच्या मापाची नाही. तुम्ही ताडमाड. ही माझ्याएवढ्या माणसाची आहे."

"सीट वर करता येते."

"सीट बसवायला आधी हा पाइप निघाला पाहिजे. कोणी ठोकला हा आत?"

"मी. बिजागरीसाठी. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. फार घट्ट बसला."

"दिसतंय," त्या म्हणाल्या. मग दाराशी उभ्या असलेल्या तीनचाकी सायकलीकडे बोट केले. मागे लाकडी खोके, पुढे घंटा. दुकानाचे सामान पोचवायची गाडी. "ही न्या त्यापेक्षा. तोल सांभाळायला नको, आरामात जाल."

मी सांगितले की ती आइस्क्रीम विकणाऱ्याची गाडी आहे, आणि माझ्या घरी या वर्षी मुकुट येणार आहे.

"मग पाइप काढा आणि या," त्या म्हणाल्या. "उरलेलं सामान मी बघते. पण तापवायची तर गरम पाण्यानं, ज्योतीनं नाही. आणि मला विचारल्याशिवाय काही करू नका."

मंगळवार, २६ मार्च

पाइप निघत नाही. तेल घालून आठवडा झाला. आज बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात पाइप आवळला आणि फ्रेम दोन्ही हातांनी धरून फिरवली. व्हाइस बाकासकट फिरला. लाऊदालीनो कॉफीला आला होता. "बैलाला दळायला लावलंय, आणि जात्याऐवजी घरच फिरतंय," असे म्हणाला. देओलिंदाने त्याला कॉफी दिली नाही.

लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटले की दोहोंच्या मधे पांढरी खडी धरते. ज्योत लावली तर अ‍ॅल्युमिनियमचा कस जातो, हे मला ठाऊक होते. श्रीमती हॅस्केल यांनी ते सांगण्याची आवश्यकता नव्हती. गरम पाणी मात्र रास्त. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते. दूधखोलीतली धुण्याची टाकी अजून चालू आहे.

बुधवार, ३ एप्रिल

आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

टाकीत हात भाजेल इतके गरम पाणी भरले. मग सवयीप्रमाणे दूधवाहिन्या धुण्याची पूड घातली. उकळते पाणी आणि ती पूड हे माझ्या हातांनी आयुष्यभर एकत्रच केले आहे. एक घातले की दुसरे घालायचे. ती पूड म्हणजे कॉस्टिक सोडा. स्टीलला ती काही करत नाही. फ्रेम आत सोडली. पाणी फसफसले. मळ सुटतो आहे असे मी समजलो आणि समाधान वाटले. फेस टाकीच्या काठावर आला.

त्याच वेळी श्रीमती हॅस्केल दारात उभ्या राहिल्या. या रस्त्याने जात होते म्हणून आले, म्हणाल्या. (हा रस्ता पुढे कोठेही जात नाही.) त्यांनी टाकी पाहिली, डबा पाहिला, किंचाळल्या आणि उघड्या हातांनी फ्रेम बाहेर ओढली.

"अहो, खाऊन टाकेल ते! अ‍ॅल्युमिनियम आहे! पाणी मारा, पाणी!"

मी नळीने पाणी मारले. फ्रेमवर, आणि मग त्यांच्या हातांवर, कारण कॉस्टिक त्यांच्या कोपरापर्यंत गेले होते. फ्रेम चुलीतल्या लाकडासारखी काळी झाली होती. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली आणि एकेका नळीला नखाने टिचकी मारून कान लावून ऐकत राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होते. कॉस्टिकच्या वाफेने येतेच. देओलिंदाने त्यांचे हात बादलीत बुडवून धरले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्ही बाहेर जा."

मी बाहेर गेलो. माझी पूड होती, माझी दूधखोली होती, आणि मला बाहेर जाण्यास सांगण्यात आले.

पाइप मात्र सुटला. टाकीच्या तळाशी पडला होता.

गुरुवार, ४ एप्रिल

दूधवाहिन्यांना पूड लावली की दुसरे धुणे आम्लाचे असते. त्याने दुधाचा खडा सुटतो. सकाळी प्रथम फोन करून श्रीमती हॅस्केल यांना विचारले. मग म्हणाल्या, "पातळ करून. थंड पाण्यात. आणि मी येईपर्यंत हात लावू नका."

त्या बँडेज बांधलेल्या हातांनी आल्या. फडके आम्लात भिजवून मी पुसले, त्या पाहत राहिल्या. काळे निघून गेले आणि खाली धातू निघाला, नव्या नाण्यासारखा नव्हे, पावसाळी आभाळासारखा, मंद. टाके सगळे शाबूत.

"किती खाल्लं असेल?" मी विचारले.

"थोडंसं. डेल नळ्या जाडच घ्यायचा. म्हणायचा, हलकी सायकल शर्यत जिंकते, जाड सायकल घरी आणते."

असे बोलणारा माणूस मला आवडला असता. त्या काळी आमचे बोलणे झाले ते फक्त पाण्याच्या नळाविषयी.

शनिवार, १३ एप्रिल

श्रीमती हॅस्केल यांनी सामान आणले. पुढचा चिमटा, हँडल, ब्रेकच्या मुठी, अंगठ्याने फिरवायचे गिअर. सारे त्याच काळचे, १९८६ च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले, एकदाही न वापरलेले. इतकी वर्षे एका सायकलीचा पूर्ण संच त्यांनी का ठेवला होता हे विचारले असता, "दुकानात पडून असतं असं," म्हणाल्या. साठा करण्याची ही पद्धत मला शिस्तीची वाटली नाही, परंतु उपयोगी पडली.

मी कप आणि गोळ्या ग्रीस भरून बसवल्या, त्यांनी चाकांची आउट काढली. आठवड्यातून तीनदा येऊ लागल्या आहेत. पैसे घेत नाहीत. देओलिंदाशी गप्पा मारण्यास येत असाव्यात.

फ्रेमवर पाण्याची बाटली अडकवण्यासाठी तीन जागा आहेत. एक पुरे असते, दोन म्हणजे चैन. तिसरी नळीच्या पोटाखाली आहे. कारागीर चांगला, पण येथे त्याने कष्ट वाया घालवले, असे मी म्हणालो. श्रीमती हॅस्केल यांनी हातातला पाण्याचा पेला संपवला.

त्या गेल्यावर देओलिंदा म्हणाली, "बाई किती पाणी पिते पाहिलंत? तरुणपणापासून मूतखड्याचा त्रास. डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं, सतत पीत राहा." मी म्हणालो, आपली विहीर चांगली आहे, हवे तितके प्यावे. देओलिंदाने माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

रविवार, २१ एप्रिल

ईस्टर. मुकुट पहिल्या घरी गेला. लाऊदालीनोच्या ट्रकमधून चर्चमध्ये मिस्साला गेलो. मला ट्रकमध्ये उचलून चढवण्यात आले. हे पुन्हा होणार नाही.

शनिवार, ४ मे

सायकल पूर्ण झाली. ब्रेक तपासण्याकरता प्रथम श्रीमती हॅस्केल बसल्या, कारण धंद्याचा नियम तसा आहे. अंगणात एक फेरी मारतील असे वाटले होते. त्या फाटकाबाहेर पडल्या (जेथे फाटक होते तेथून), मागच्या टेकडीच्या मातीच्या रस्त्याने वर गेल्या, आणि दिसेनाशा झाल्या. देओलिंदाने दोनदा कॉफी तापवली. परत आल्या तेव्हा पाठीपर्यंत चिखल होता, केस सुटले होते, आणि त्या धापा टाकत हसत होत्या. या बाईला मी हसताना प्रथमच पाहिले.

नोंद: सीट त्यांनी वर-खाली केली नाही. हँडलही नाही. जशी जोडली तशी त्यांना बसली. चाचणीच्या दृष्टीने हे सोयीचे झाले.

देओलिंदा म्हणाली, "दिसतं का तुम्हाला काही?"

"ब्रेक चांगले लागतात," मी म्हणालो.

तिने कॉफीची किटली इतक्या जोराने खाली ठेवली की झाकण उडाले.

सोमवार, ६ मे

येथे एक बाब नमूद करणे प्राप्त आहे. मला सायकल चालवता येते असे मी कोणालाही सांगितलेले नाही. कोणी विचारलेही नाही. साओ जॉर्ज हे बेट म्हणजे समुद्रात उभी केलेली भिंत आहे. माझ्या लहानपणी तेथे सायकल कोणाकडे नव्हती, आणि असती तरी ती एकदाच वापरता आली असती.

आज मी सायकल हातात धरून अंगणात उभा होतो, तेव्हा श्रीमती हॅस्केल म्हणाल्या, "मिस्टर बी, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"काय?"

"तुम्ही सायकल चेनच्या बाजूनं धरता. चालवणारा कधी धरत नाही. पँट बघा."

पँटला ग्रीस लागलेले होते. प्रत्येक पँटला, असे देओलिंदा म्हणाली. ती धूत होती म्हणून तिलाही माहीत होते.

श्रीमती हॅस्केल यांनी दोन्ही पायडले काढून टाकली. "गवताच्या उतारावर बसा. पायानं ढकला. पाय उचला. तोल गेला तर पाय टेका. फ्रेम लहान आहे ना, पाय पुरतात. मापाची नसल्याचा तेवढाच फायदा."

चार वेळा पडलो नाही. पाचव्यांदा पडलो. देओलिंदा व्हरांड्यात एप्रन तोंडाला लावून बसली होती. मला वाटले रडते आहे. ती हसत होती. "साठ वर्षांत हे कुठं ठेवलं होतंत?" असे म्हणाली.

शनिवार, १८ मे

पायडले लावली. गोठ्याच्या लांबीइतके गेलो आणि वळून आलो. गुडघे हँडलला लागतात, म्हणून ते बाहेर काढून चालवावे लागते. लाऊदालीनो: "मिस्त्री, बेडूक काठीवर बसलाय असं दिसतं. पण बेडूक पुढं जातोय, हे मान्य करायला पाहिजे."

बुधवार, २९ मे

गावात जाऊन आलो. एकटा. टपाल आणले, औषध आणले. चढावर उतरून ढकलली. मोटारी मागे थांबल्या होत्या. कोणाची हरकत असल्यास ती नोंदवण्यात आली नाही.

येताना श्रीमती हॅस्केल यांच्या दुकानासमोर थांबलो. त्या बाहेर आल्या, खूश झाल्या, टाळ्या वाजवल्या. मग मी निघालो, आणि वळणावर मागे पाहिले. त्या तेथेच उभ्या होत्या. माझ्याकडे पाहत नव्हत्या. सायकलीकडे पाहत होत्या.

घरी आल्यावर गुडघे दुखले. त्याहून अधिक काही बिघडले नाही. झुल्मिराला फोन केला. म्हणाली, "बाबा, खरंच? मी नऊ तारखेला डोळ्यांनी बघीन तेव्हा मानीन." तिने पाहावेच. माझी अट पुरी होणार आहे.

रविवार, २ जून

संध्याकाळी मुकुट आमच्या घरी आला. देओलिंदाने पुढच्या खोलीत पांढरे कापड, फुले, सात पायऱ्यांची वेदी मांडली आहे. आठवडाभर दार उघडे. रोज रोझरीची जपमाळ, आणि जो येईल त्याला बसवायचे. श्रीमती हॅस्केल आमच्या धर्माच्या नाहीत, तरी आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना रोझरी येत नाही; पाणी पीत बसल्या.

लाऊदालीनोने सर्वांना बोकडाची गोष्ट पुन्हा सांगितली. बेटावरची आमच्याकडची रीत अशी की मुकुटासमोर जे दिले जाते ते कोणी नाकारू शकत नाही. गरिबाने नाही, श्रीमंताने नाही, शत्रूनेही नाही. एका वर्षी माझ्या वडिलांनी मुकुटासमोर लाऊदालीनोच्या वडिलांना बोकड दिला होता. "आणि त्या बोकडानं," लाऊदालीनो म्हणाला, "माझ्या बापाचा लग्नाचा कोट खाल्ला. पण परत द्यायची सोय नाही! मरेपर्यंत सांभाळला."

श्रीमती हॅस्केल फार हसल्या. "म्हणजे काहीही दिलं तरी घ्यायचं?"

"काहीही," मी सांगितले. "यात अपवाद नाही."

सर्व गेल्यावर मी दूधखोलीत गेलो. सायकल भिंतीला टेकून होती. तिसऱ्या बाटलीची जागा पाहिली. बराच वेळ पाहिली. नंतर येऊन झोपलो.

शुक्रवार, ७ जून

आज वाटपाचा दिवस. मुकुटासमोर मांस, गोड पाव आणि द्राक्षारस यांचे वाटे मांडले आणि एकेका घराचे नाव घेऊन मी ते दिले. शेवटी हॅस्केल हे नाव घेतले. श्रीमती हॅस्केल गोंधळून पुढे आल्या. मी पाव दिला, मांस दिले. मग लाऊदालीनोला खूण केली. त्याने सायकल आत आणली. देओलिंदाने तिच्या तिन्ही जागी पाण्याने भरलेल्या बाटल्या लावल्या होत्या. तसे करण्यास मी तिला सांगितले नव्हते.

मी म्हणालो, "ही फ्रेम माझ्या मापाची नाही. कोट ज्याच्या अंगाला बसतो त्याचा. मुकुटासमोर देत आहे."

"नाही, मिस्टर बी. नाही. रविवारी तुम्ही जाणार कसे?"

"तो विषय मापाचा नाही."

"तुम्हाला घर सोडावं लागेल!"

"आपण रीत ऐकलेली आहे."

त्यांनी हँडल धरले. "डेलनं ही..." एवढे म्हणाल्या आणि वाक्य पूर्ण केले नाही. मी आग्रह केला नाही. देओलिंदाने त्यांचा हात धरला आणि दोघी बाहेर गेल्या. नंतर टेकडीच्या रस्त्यावर सायकल वर जाताना दिसली. मी वाटपाची टेबले आवरली.

देण्याचे कारण: माप. दुसरे काही येथे लिहिण्यासारखे नाही.

झुल्मिराला देओलिंदाने फोनवर कळवले. नंतर तिने कपाटावरून ट्रंक खाली काढली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिले, आणि पुन्हा वर ठेवली.

शनिवार, ८ जून

सकाळी लाऊदालीनोचा ट्रक. मागे ती तीनचाकी. खोके धुऊन पुसलेले, घंटा चकाकत होती.

"हे काय?"

"मिस्त्री, मुकुट अजून तुमच्या घरी आहे ना? उद्या सकाळपर्यंत?"

"आहे."

"मग ही आधी आत घेऊ या. मुकुटासमोर." आणि त्याने ती खरोखर पुढच्या खोलीत ढकलत आणली, दाराची चौकट खरवडली. "ट्रूडीनं दिलीय. म्हणाली, त्यांना सांग, अपवाद नाही असं त्यांनीच सांगितलंय."

"रीत यजमानाने देण्याची आहे. घेण्याची नव्हे."

"असं कुठं आहे?"

मी विचार केला. वडिलांचे आठवले, आजोबांचे आठवले. असे कोठेही नाही.

"बोकड, मिस्त्री," लाऊदालीनो म्हणाला. "बोकड आठवा."

दुपारी अंगणात बसून पाहिली. तोल सांभाळावा लागत नाही. गुडघे कोठे लागत नाहीत. ती आइस्क्रीम विकणाऱ्याचीच गाडी आहे, हे माझे मत कायम आहे.

रविवार, ९ जून, पेंटेकॉस्ट

झुल्मिरा सकाळी आली. तीनचाकी पाहिली आणि म्हणाली, "बाबा, यावर?"

"अट मोटारीविषयी आहे. ही मोटार नाही."

ती देओलिंदाला म्हणाली, "आई, तू मुकुट घेऊन माझ्या गाडीत बस."

देओलिंदा काळा सणाचा पोशाख घालून तयार होती. खोक्यात उशी टाकून ती स्वतःच चढून बसली आणि हात पुढे केले. मी मुकुट तिच्या मांडीवर दिला. "मी इथंच बसणार," ती म्हणाली. "त्यांची अट होती, तुझी अट होती. टर्लॉकला जायचं की नाही हे मला कुणी विचारलं होतं?"

आम्ही दोघांनीही विचारलेले नव्हते.

निघालो. वारा समोरून होता. मागून झुल्मिराची मोटार आमच्या वेगाने येत राहिली, तिच्यामागे लाऊदालीनोचा ट्रक, त्यामागे आणखी किती ते मी पाहिले नाही. तीन मैलांत कोणीही भोंगा वाजवला नाही. मोठ्या चढावर झुल्मिरा मोटारीतून उतरली, बूट काढून ठेवले आणि खोक्याला दोन्ही हात लावून ढकलू लागली. ढकलणे म्हणजे मोटारीत बसणे नव्हे, हे तिने स्वतः होऊन मान्य केले. देओलिंदा तोंड मागे करून बसली होती, म्हणून चढभर दोघी समोरासमोर होत्या. काय बोलल्या ते वाऱ्यामुळे मला ऐकू आले नाही. एकदा घंटा वाजवली, मार्गात एक गाय होती म्हणून.

चर्चच्या पायऱ्यांशी उतरलो आणि मुकुट हातात घेतला. झुल्मिरा धापा टाकत म्हणाली, "बरं, बाबा. त्या खोलीत मी शिवणयंत्र ठेवते." तिने हे सर्वांसमोर म्हटले, म्हणून येथे लिहिले.

उपस्थित साक्षीदार: देओलिंदा बेतेंकूर, पत्नी, खोक्यात, मुकुटासह. झुल्मिरा बेतेंकूर, कन्या, अनवाणी. लाऊदालीनो, शेजारी, ट्रकमधून, सर्व वेळ बोलत. आणि ट्रूडी हॅस्केल, डेल हॅस्केल यांच्या पत्नी, मिरवणुकीच्या पुढे, स्वतःच्या सायकलवर.